पाठ : मोठे टायर लावण्याआधी

क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ गरी नावाचं वाळूचं बेट आहे. त्याचं जुनं नाव फ्रेझर आयलंड. तिथे समुद्रकिनारा हाच रस्ता, त्यामुळे फोर-व्हील ड्राइव्ह गाडी लागतेच. तिथल्या उंच गाड्या पाहिल्या की तुम्हालाही वाटेल, आपल्या गाडीला मोठे टायर लावू या. हौसेला मोल नसतं, खरं आहे. पण एक भाग बदलला की दुसऱ्यावर काय परिणाम होतो, हे आधी बघा.

टायर

समजा, तुमच्या टायरवर २६५/६५ आर १७ असं लिहिलंय. २६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. हिशेब केला तर पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ७७६ मिमी येतो. २८५/७० आर १७ टायरचा व्यास येतो ८३१ मिमी. फरक ५५ मिमी. गाडी मात्र त्याच्या निम्मीच, म्हणजे साधारण २७ मिमी वर जाते.

मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं. आधी काटा अचूक असेल, तर आता तो १०० दाखवेल तेव्हा गाडी १०७ च्या वेगाने पळत असेल! शिवाय चाक जड होतं, त्यामुळे ब्रेकवर जास्त ताण येतो.

सस्पेन्शन

मोठं चाक वळताना किंवा खड्ड्यात आदळताना बॉडीला घासू शकतं. म्हणून लोक उंच स्प्रिंग आणि लांब शॉक अॅब्सॉर्बर बसवतात. उंची वाढली की ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना, हे तपासावं लागतं. गाडीचा तोल वरच्या बाजूला सरकतो, म्हणून वळणावर ती जास्त कलते.

स्टिअरिंग

सायकलचा पुढचा फोर्क किंचित कललेला असतो. त्यामुळे ती सरळ चालायला मदत होते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. पुढचा अॅक्सल अखंड असलेली गाडी उंच केली की हा कल कमी होतो. मग हायवेवर गाडी भरकटते आणि सारखं स्टिअरिंग सावरावं लागतं. त्यासाठी खास बुश बसवून कॅस्टर परत जुळवतात आणि चाकांचं अलाइनमेंट करतात. स्टिअरिंग थरथरत असेल, तर नुसता नवा डॅम्पर लावू नका. थरथर लपेल, पण झिजलेला जॉइंट तसाच राहील. असा जॉइंट तुटला, तर गाडी तुमच्या हातात राहणार नाही.

कायदा

नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये सस्पेन्शनने ५० मिमी आणि टायरने २५ मिमी, अशी एकूण ७५ मिमी उंची प्रमाणपत्राशिवाय वाढवता येते. वरच्या उदाहरणातला टायर या मर्यादेत बसतो का? २७ मिमी म्हणजे नाही! फरक अगदी थोडा आहे, पण अपघात झाला तर विमा कंपनी हाच प्रश्न विचारू शकते. म्हणून पैसे देण्याआधी आपल्या राज्याचे नियम वाचा आणि विमा कंपनीला कळवा.

आधी काय कराल?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हवा. वाळूत टायरची हवा कमी केली की टायर पसरतो आणि गाडी कमी रुतते. डांबरी रस्त्यावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची, हे विसरू नका. त्यानंतर झिजलेले बुश आणि जॉइंट बदला. मग सस्पेन्शन बघा. मोठे टायर सगळ्यात शेवटी!

नवे शब्द

- व्यास : गोलाच्या मध्यातून जाणारी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची लांबी
- रुतणे : चिखलात किंवा वाळूत अडकणे
- झिजणे : वापरून वापरून कमी होणे
- भरकटणे : वाट सोडून इकडेतिकडे जाणे

उत्तरे लिहा

१. टायरचा व्यास ५५ मिमीने वाढला, तर गाडी ५५ मिमी वर का जात नाही?

२. २६५/७० आर १७ टायरचा व्यास काढा. न्यू साउथ वेल्समध्ये तो चालेल का?

३. तुमचा मित्र म्हणतो, "आधी टायर घेऊ, बाकीचं नंतर बघू." त्याला चार वाक्यांत समजावून सांगा.