कर्ज, कावड आणि अण्णा

चि. ओंकार यास,


तुझा मजकूर मिळाला. अण्णांच्या वर्षश्राद्धाला हार-तुऱ्यांचा खर्च टाळून छोटी पुस्तिका काढायची आणि ती नातेवाइकांच्या हाती द्यायची, ही कल्पना मला मनापासून आवडली. मजकूर मात्र आवडला नाही. तू मेहनत घेतली आहेस हे दिसतंय, म्हणूनच आडपडदा न ठेवता सांगते.

पहिल्याच ओळीत तू लिहिलंस, की अण्णा धाडसी, धर्मपरायण आणि कुटुंबवत्सल होते. ही ओळ वर्तमानपत्रात रोज कुणा ना कुणाच्या फोटोखाली छापून येते. पुढे तू तीन परिच्छेद पाडलेस: एकात बोटीवरची नोकरी, दुसऱ्यात पंढरीची वारी, तिसऱ्यात संसार. माणूस असा तीन खणांत राहत नसतो रे. अण्णा बोटीवर गेले ते संसारापायी, बोटीवर तगले ते विठ्ठलाच्या भरवशावर, आणि वारीला जायला लागले ते बोट सुटल्यावर, घरी बसवेना म्हणून. हे धागे तू वेगळे केलेस आणि अण्णाच हातातून निसटले.

तू नववीत असताना मी तुला गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ दिलं होतं. तेव्हा तू ते झाशीच्या राणीसाठी वाचलंस, सगळेच तसं वाचतात. आता पुन्हा काढ आणि भटजींसाठी वाच. असा माणूस कागदावर कसा आणायचा, हे शिकायला मराठीत याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे. भिक्षुकी करणारे, तिशीच्या आसपासचे. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी आली आणि विष्णुभट जायचं म्हणाले. वडिलांचं मन होईना. हिंदुस्थान म्हणजे परका मुलूख, तिथे भांग पितात, जवान पोरगा बिघडेल ही भीती. शेवटी काका रामभट बरोबर जाणार म्हणून परवानगी मिळाली. सन १८५७. तुझ्या लक्षात येतंय ना? देशातला मोठा वणवा पेटायच्या तोंडावर हे दोघं काका-पुतणे दक्षिणेच्या आशेने पायी उत्तरेला निघाले. महूच्या आसपास त्यांना शिपाई भेटले आणि त्यांच्याच तोंडून पुढे काय होणार ते कळलं. परत फिरता आलं असतं. फिरले नाहीत.

यातलं धाडस कुठलं, ते नीट बघ. भटजींना जग बघायची हौस नव्हती असं मी म्हणणार नाही. हौस असल्याशिवाय माणूस इतकं बारीक बघत नाही. पण उंबरठा ओलांडायला लावला तो कर्जाने. आपल्याकडे धाडसी माणसांच्या आठवणी लिहिताना कर्जाचा उल्लेख गाळायची खोड आहे. घराण्याला कमीपणा येतो म्हणतात. मला तर उलट वाटतं. कर्ज काढून टाकलंस तर उरतो तो नुसता भटक्या.

पुढे ते झाशीत आले, राणीच्या आश्रयाला राहिले. १८५८च्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या फौजेने वेढा घातला आणि एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं. त्यानंतरची लूट आणि कत्तल भटजींनी लपून बसून पाहिली. पदरी जमलेला पैसा गेला, जीव तेवढा राहिला. वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली त्याची हळहळ त्यांनी लिहून ठेवली आहे. लुटीच्या वर्णनात पोथ्यांसाठी जीव तुटणारा माणूस कोण असेल, हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘ते विद्याव्यासंगी होते’ असं वाक्य तिथे कुणी घातलं असतं तर सगळंच मातीला मिळालं असतं.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी पुन्हा दिसली, हरलेली, धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर तिने विद्वान ब्राह्मणाला ते करू दिलं नाही, स्वतःच काढून घेतलं. या प्रसंगावर दुसऱ्या कुणी पानंच्या पानं लिहिली असती. भटजी थोडक्यात सांगतात आणि वाटेला लागतात, कारण त्यांना स्वतःलाही जीव वाचवायचा आहे, आणि तीर्थं करायची राहिली आहेत.

हो, तीर्थं! मला या पुस्तकातलं सगळ्यात आवडतं ते हेच. चहूकडे तोफा, फाशी, पळापळ चाललेली असताना हा माणूस चित्रकूटला जातो, काशीला जातो. स्नान, संध्या, देवदर्शन, कुठे जेवण कसं मिळालं, दक्षिणा काय मिळाली, सगळं सांगतो. आजच्या वाचकाला थोडं हसूही येतं. येऊ दे. भक्ती त्यांच्या अंगात होती, अंगावर नव्हती. म्हणूनच ती जेवणाखाणाच्या आणि पैशाच्या शेजारी बिनधास्त बसते. आणि शेवट बघ. पैसा मिळवायला गेलेला मुलगा दोन वर्षांहून जास्त काळाने घरी येतो तो गंगेची कावड खांद्यावर घेऊन, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतो. धाडस, धर्म आणि घर, तिन्ही त्या कावडीत भरलेली आहेत. तुझ्या तीन परिच्छेदांवर माझा राग का, ते आता कळलं असेल.

आता त्या पुस्तकाचं पुढे काय झालं तेही ऐक, कारण तुझ्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून भटजींनी हे सगळं सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३च्या आसपास लिहून काढलं. इंग्रजांच्या राज्यात बंडाची हकिकत छापणं सोपं नव्हतं. ती छापून आली १९०७ साली, आणि तीसुद्धा वैद्यांनी भाषा नीटनेटकी करून, काही काटछाट करून. वैद्य मोठे विद्वान, त्यांचे उपकार आहेत. त्यांनी आग्रह धरला नसता तर लिहिणं झालंच नसतं. पण भटजींचा मूळ आवाज लोकांना ऐकू यायला १९६६ उजाडावं लागलं, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून पुस्तक काढलं तेव्हा. मधली सहा दशकं मराठी माणसाने दुसऱ्याने विंचरलेले भटजी वाचले.

तू सध्या वैद्यांच्या जागी आहेस, बाळा. हातात कंगवा घ्यायचा मोह होणारच. राग आला की अण्णा ताट ढकलून उठायचे, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, सगळ्या वाडीला माहीत आहे. पुस्तिकेत ते नाही. एका वर्षी त्यांनी आजीला न विचारता आषाढीला पंढरपुरात अन्नदानाला पैसे देऊन टाकले, आणि माझी नि तुझ्या बाबांची फी भरायला आजीला बांगडी मोडावी लागली. तेही नाही. ते यायला हवं. निंदा म्हणून नव्हे; त्यांची भक्ती घराला कितीला पडली, हे त्यावाचून कळणार नाही. आणि आजी त्या प्रसंगावर काय म्हणाली, तेही तिलाच विचारून लिही. माझ्याकडून घेऊ नकोस, मी तेव्हा लहान होते.

याउलट, जे अण्णांनी सांगितलं नाही ते त्यांच्या तोंडी घालू नकोस. वादळात त्यांनी एकट्याने तीन खलाशांना वाचवलं, असं तू लिहिलं आहेस. ही गोष्ट लग्नाकार्यांत वाढत गेली. अण्णा स्वतः सांगायचे तेव्हा एवढंच म्हणायचे, की सारंगाने हाक मारली आणि आम्ही चौघांनी दोर धरून ठेवला. चौघांनी. यातही भटजींकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बंडाची कारणं सांगताना ते इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे ठेवलेल्या चौऱ्याऐंशी कलमांची कथा देतात; ती तेव्हा लोकांत फिरणारी वदंता, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट नव्हे. आपण ती वदंता म्हणूनच वाचतो. झाशीची लूट मात्र ते सांगतात तेव्हा आपण कान टवकारतो. पाहिलेलं कुठलं आणि ऐकलेलं कुठलं, हे वाचणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे. गोष्ट खोटी ठरेल म्हणून टाकून देऊ नकोस, ‘घरात असं सांगतात’ एवढं लिही की झालं. मग दोन्ही गोष्टी राहतील, आणि चौघांचा दोर मला तिघांच्या जिवापेक्षा जास्त खरा वाटतो.

तुला जे ठाऊक नसेल ते आता सांगते. अण्णा बोटीवर गेले कारण आमच्या दोन आत्यांच्या लग्नांत कलमांची बाग गहाण पडली होती. तेव्हा सुएझ कालवा बंद होता, १९६७च्या युद्धापासून १९७५पर्यंत, त्यामुळे युरोपला जाणाऱ्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायच्या. खेप लांबायची, पत्र उशिरा यायचं, मनिऑर्डर त्याहून उशिरा. घरी आजी आणि तिची सासू सावकाराला तोंड देत बसायच्या. तू ‘सातासमुद्रापार भरारी’ लिहिलंस. भरारी कसली! डेकवरचा गंज खरवडायचा आणि रंग द्यायचा, हे त्यांचं निम्मं काम. टँकरवर होते तेव्हा केबिनमध्ये निरांजन लावायची सोय नव्हती, उघडी ज्योत म्हणजे सगळ्यांच्या जिवाशी खेळ. मग ते डोळे मिटून मनातल्या मनात आरती ओवाळायचे. एकादशीला बोटीवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, त्यांच्यापुरते बटाटे उकडून ठेवायचा; तो भंडारी मुसलमान होता, रत्नागिरीकडचाच, आणि रमजानात अण्णा त्याच्या पहाटेच्या जेवणासाठी त्याला उठवायचे. धर्मपरायण या शब्दात हे बटाटे कुठे आहेत ते मला दाखव.

आणखी एक. भटजींच्या पुस्तकात वरसई येते ती निघताना आणि परतल्यावर. मधल्या दोन-अडीच वर्षांत, उत्तरेत कत्तली चालल्याच्या बातम्या येत असताना, मागे राहिलेल्या घराने दिवस कसे काढले असतील, ते आपण फक्त कल्पनेने ताडायचं. जाणाऱ्याने लिहिलं की असंच होणार. राहणारीने लिहिलं की काय होतं ते बघायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाच. १९३४पासून ती पुस्तकरूपाने येऊ लागली. त्यांचे पती रेव्हरंड टिळक वारले १९१९ला. टिळकही देवाच्या मागे धावणारे, एका जागी न टिकणारे, आणि हातात पैसा न ठरणारे. १८९५ला त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा घराचं काय झालं, ते लक्ष्मीबाई सांगतात. स्वतः हसतात, टिळकांनाही हसतात, आणि त्यांच्या चुका सांगताना हात आखडत नाहीत. तरी पुस्तक मिटताना टिळकांबद्दलचा आदर कमी होत नाही, वाढतो. अतिशयोक्ती वाटेल, पण थोर भक्तांची चरित्रं लिहिणाऱ्या कित्येकांनी त्यांच्या बायकांना आधी विचारायला हवं होतं.

तुझी आजी आज आहे. तिचे कान गेलेत, पण सालं आणि रकमा तोंडपाठ आहेत. कलमांची बाग कधी सुटली, शेवटचा हप्ता किती होता, गहाणखत फाडलं की जपून ठेवलं, बोटीवरून आलेली पत्रं कोणत्या ट्रंकेत आहेत, हे सगळं तिलाच माहीत. सकाळी तिच्या वाटेला जाऊ नकोस, तिचं पूजेचं चाललेलं असतं. दुपारी चहा झाल्यावर शेजारी बस, मोबाइलवर आवाज नोंदवून घे, पण समोर वहीही ठेव. मोबाइल दिसला की ती प्रवचनातल्यासारखं बोलायला लागते. अण्णा कसे होते असं विचारू नकोस. बोटीवर जायच्या आदल्या रात्री घरात काय शिजवलं होतं, बरोबर काय बांधून दिलं, स्टँडपर्यंत कोण गेलं होतं, असं विचार. मग ती आपणहून सांगेल आणि तू मधे बोलू नकोस. ती वाडीतल्या भाषेत बोलेल, ती भाषा तशीच उतरव, पुस्तकी करू नकोस.

तुझ्या मजकुरातला वारीचा भाग बरा जमला आहे, दिंडीतल्या लोकांची बोलणी चांगली टिपलीस. तो ठेव. बाकीचं नव्याने लिही. शेवटची कविता काढून टाक, ती अण्णांना आवडली नसती. पुस्तिका वर्षश्राद्धाला तयार झाली नाही तर बिघडत नाही, पुढच्या आषाढीला दे. आजीचं वय मात्र पंचाऐंशी झालं आहे, तेव्हा या शनिवारीच गावी जा.

तुझी,
आत्या