मजुराचा हक्क : हिल्फुल फुदूलपासून माथाडी मंडळापर्यंत



दसरा-दिवाळी आटोपली की आपल्या वऱ्हाडात कापसाचा हंगाम सुरू होतो. अमरावती, बडनेरा, अकोला या परिसरातील जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते आणि रुईच्या सुमारे १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. पुढे तूर येते आणि अकोल्याच्या डाळ मिलना वेग येतो. बाजार समितीच्या यार्डात हमाल दिवसभर पाठीवरून पोती वाहतात. आपल्या समाजातील अनेक घरांची चूल या हमालीवर पेटते. त्याच बाजारात आपलेच काही बांधव अडते, ठेकेदार किंवा कारखानदार म्हणूनही उभे आहेत. म्हणून आजचा धडा मजुरासाठी आहे तसाच मालकासाठीही आहे.

करार आधी, काम नंतर

सूरह अल-कसस (आयत २६ ते २८) मध्ये हजरत मूसा (अलै.) यांनी मदयनमध्ये स्वीकारलेल्या चाकरीचा प्रसंग आला आहे. त्या कराराकडे बारकाईने पाहा. मुदत ठरलेली आहे : आठ वर्षे. पुढची दोन वर्षे काम करणाऱ्याच्या खुशीवर सोडली आहेत. काम देणारे बुजुर्ग स्वतःहून सांगतात की तुमच्यावर कष्ट लादण्याची माझी इच्छा नाही. आणि शेवटी अल्लाहला साक्षी ठेवले जाते. तेथेच चांगल्या कामगाराचे दोन गुणही सांगितले आहेत : तो समर्थ असावा आणि विश्वासू असावा.

यावरून फुकहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) नियम घालून दिला की काम आणि मजुरी दोन्ही आधी निश्चित असली पाहिजेत. ‘करा तर खरं, मग पाहू’ असे म्हणून माणसाला कामाला लावणे शरीअतच्या दृष्टीने सदोष आहे. हनफी फिकहमध्ये मजुराचे दोन प्रकार सांगितले आहेत. पोत्यामागे किंवा नगामागे दर घेणारा, अनेकांचे काम करणारा तो अजीर-ए-मुश्तरक. काम पूर्ण झाले की त्याची मजुरी देय होते. ठरलेल्या वेळेसाठी एकाच मालकाकडे राहणारा तो अजीर-ए-खास. तो वेळेवर हजर राहिला आणि कामाला तयार होता, तर यंत्र बंद पडले किंवा माल आला नाही, तरी त्याच्या मजुरीचा हक्क बुडत नाही. ‘आज मशीन बंद होती, आजचा रोज नाही’ असे रोजच्या रोज सांगणाऱ्या मालकाने हा नियम मनाशी ताडून पाहावा.

रोखून ठेवलेली मजुरी

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याचा मोबदला देण्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद आपण सर्वांनी ऐकली आहे. सहीह बुखारीतील एक हदीस-ए-कुदसी याहून कठोर आहे. कयामतच्या दिवशी तीन प्रकारच्या माणसांविरुद्ध स्वतः अल्लाह फिर्यादी असेल, असे तीत सांगितले आहे. त्यांपैकी एक म्हणजे मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन त्याची मजुरी न देणारा. ज्या न्यायालयात खुद्द न्यायाधीशच फिर्यादी आहे, तेथे वकील कोण देणार?

आपल्याकडे मजुरी अडकवण्याच्या रीती अनेक आहेत. हंगाम संपेपर्यंत निम्मी रक्कम अंगावर ठेवायची, म्हणजे मजूर दुसरीकडे जात नाही. आधी उचल द्यायची आणि हिशोब कधी दाखवायचाच नाही. रेजांना पुरुषांइतकेच काम देऊन रोज मात्र कमी द्यायचा. सूरह अल-आराफमध्ये (आयत ८५) हजरत शुऐब (अलै.) आपल्या कौमला माप-तोल पूर्ण करण्यास सांगतात आणि लोकांना त्यांच्या हक्काच्या वस्तू घटवून देऊ नका असे बजावतात. श्रम हीदेखील मजुराची वस्तूच आहे. काटा कापसाचा असतो तसा श्रमाचाही असतो.

येथे एक मसअला नीट समजून घ्या. रमजानमध्ये जकात काढताना काही लोक ती आपल्याच कामगाराला देतात. तो गरजू व पात्र असेल तर त्यात हरकत नाही. परंतु थकलेल्या मजुरीच्या किंवा ठरलेल्या बोनसच्या बदल्यात ती दिली, तर जकात अदा होत नाही. मजुरी हे तुमच्या डोक्यावरचे कर्ज आहे आणि जकातीतून स्वतःचे कर्ज फेडता येत नाही. मालक वारला तर सूरह अन-निसाच्या आदेशानुसार वारसांच्या वाटणीपूर्वी हे कर्ज फेडावे लागते. नफिल उमरा करून आल्याने ते माफ होत नाही. ते माफ करण्याचा अधिकार त्या मजुराचा आहे.

हक्कासाठी एकत्र येणे

‘युनियन करणे म्हणजे फितना’ असे काहींना वाटते. त्यांनी मक्केतील हिल्फुल फुदूल आठवावा. यमनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केच्या एका सरदाराने घेतला आणि पैसे दिले नाहीत. तेव्हा काही कबिल्यांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले. पीडिताला त्याचा हक्क मिळेपर्यंत त्याच्या बाजूने उभे राहू, अशी शपथ त्यांनी घेतली. तरुण वयातील प्रेषित (स.) त्यात सहभागी होते. नबुवतनंतरही त्यांनी सांगितले की अशा कराराकडे आज बोलावले तरी मी जाईन. ध्यानात घ्या, तो करार इस्लामपूर्व काळातील लोकांचा होता. न्यायाच्या कामात शेजारच्या कुठल्याही धर्माच्या हमालाच्या खांद्याला खांदा लावणे ही सुन्नतशी सुसंगत गोष्ट आहे.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये कामगारांना साप्ताहिक सुट्टी मिळाली. १९२६ च्या कायद्याने कामगार संघटनांच्या नोंदणीची सोय झाली. पुढे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ चा कायदा आला. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे काम करणाऱ्या हमालाचा कायम मालक कोण, हा प्रश्न त्या कायद्याने सोडवला. मालक आणि कामगार दोघांची मंडळाकडे नोंद होते. मालक मजुरीसोबत लेव्ही मंडळात भरतो आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा यांची तरतूद होते. लेव्ही चुकवण्यासाठी हमालाला बाहेरच्या बाहेर रोख देऊन मोकळा होणारा व्यापारी सरकारचे नियम तर मोडतोच, त्या हमालाच्या म्हातारपणाची भाकरीही खातो.

कामगार बांधवांसाठी

हक्क मागणाऱ्याने आपले कर्तव्यही पुरे करावे. ठरलेल्या वेळेत टाळाटाळ करणे, माल सांडणे, हजेरी खोटी लावणे ही खियानत आहे. संप करण्याची वेळ आली तर आधी बोलणी, लेखी मागणी आणि कायद्याने सांगितलेली नोटीस द्या. गाठींना काडी लावणे किंवा कामावर जाणाऱ्याला मारहाण करणे कोणत्याही मागणीने हलाल होत नाही. संघटनेची वर्गणी ही अमानत आहे आणि तिचा हिशोब पदाधिकाऱ्यांनी सर्वांसमोर ठेवावा.

तुम्ही मजूर असाल तर या आठवड्यात आपली नोंद मंडळाकडे आहे का, हे तपासा आणि हजेरी व उचल यांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. मालक असाल तर जुनी वही काढून कोणाचे किती देणे राहिले ते पाहा आणि तो माणूस शोधून त्याच्या हातात ठेवा.

अल्लाह तआला आपल्या कमाईला हलाल आणि आपल्या हिशोबाला सोपे करो. आमीन.