लिनक्सचा जन्म

हेलसिंकी विद्यापीठांतील २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्यानें १९९१ सालीं घरच्या संगणकावर एक प्रयोग केला. एक आज्ञावली ‘ए’ हें अक्षर उमटवी, दुसरी ‘बी’. पोरखेळच वाटावा, परंतु एका यंत्राचा वेळ दोघींस आळीपाळीनें वांटून देणें, हेंच संचालन-प्रणालीचें मुख्य कार्य होय.

पुढें विद्यापीठाशीं दूरध्वनीनें जोडण्याची आज्ञा चुकून त्याच्याच तबकडीवर लिहिली गेली, आणि तीवरील मिनिक्स प्रणाली बिघडली. (घरीं लिनक्स बसविणारानें आपल्या लेखांची दुसरी प्रत आधीं ठेवावी, ती याचसाठीं!) मिनिक्स पुन्हां न बसवितां त्यानें आपलेंच अपुरें काम पुढें नेलें. १९९२ सालीं त्यानें लिनक्सला ग्नू परवाना लावला: कोणींही तें वाचावें, बदलावें, विकावेंही, मात्र घेणारासही तीच मोकळीक द्यावी.