गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतंय?

तिसरा-चौथा महिना लागला की पुष्कळ जणींना चूळ भरताना पाण्यात लाली दिसू लागते. घरातलं कुणी सांगतं, ‘ब्रश ठेव बाजूला, बोटानं मिशरी लाव, आराम पडेल.’ यातलं काहीच करू नका.

आधी कारण बघू. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही स्टेरॉइड जातीची संप्रेरकं कितीतरी पटींनी वाढतात. हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि तो पाझर दात-हिरडीच्या फटीत साचतो. तिथल्या काही जंतूंना हे चांगलंच मानवतं. कॉर्नमन आणि लोश या संशोधकांनी १९८२ मध्ये दाखवलं, की हिरड्यांतल्या एका जातीच्या जीवाणूला वाढीसाठी ‘के’ जीवनसत्त्व लागतं, पण ते मिळालं नाही तर तो याच संप्रेरकांवर भागवून घेतो. नंतरच्या सगळ्याच पाहण्यांत जंतू इतके वाढलेले दिसले नाहीत, हेही खरं. संप्रेरकं तर कमी करता येत नाहीत आणि करायचीही नाहीत. जंतू राहतात ते दातांवरच्या चिकट थरात, आणि तो थर काढणं आपल्या हातात आहे.

त्यासाठी नरम ब्रश घ्या. त्याचे केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरके टेकवून जागच्या जागी हलकेच हलवा, मग दाताच्या टोकाकडे ओढा. जिथून रक्त येतं ती जागा टाळू नका, कारण घाण तिथंच असते. फ्लोराइडची पेस्ट वापरून सकाळी आणि रात्री झोपताना असं केलं, तर एक-दोन आठवड्यांत रक्त कमी होऊ लागतं. उलटी झाल्यावर मात्र लगेच ब्रश करू नका. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा आणि ब्रशला तासभर थांबा. कुंथलगिरीचा पेढा खावासा वाटला तर खुशाल खा, मागून चूळ भरा म्हणजे झालं.

मिशरीबद्दल स्पष्टच सांगते. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त थांबल्यासारखं वाटतं, पण आतला आजार तसाच राहतो. शिवाय बाळाचंही नुकसान होतं. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मिशरी-तंबाखूवाल्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं. सवय सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा. सासूबाईंची मिशरीही त्याच डबीतली असते, तेव्हा दोघींनी मिळून सोडलेली बरी.

वाशी, भूम, कळंबकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. जायचंच असेल, तर निघण्याआधी आशाताईंकडून माता-बाल कार्ड भरून घ्या, बोचक्यात ब्रश-पेस्ट टाका. फडात दिवसभर ऊस चघळला जातो, निदान त्यानंतर चूळ भरत जा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी असते. त्या दिवशी पोटाबरोबर तोंडही दाखवा, आपणहून सांगितल्याशिवाय कुणी बघेलच असं नाही. दातांवर कडक कीटण असेल तर ते ब्रशनं निघत नाही, दंतवैद्याकडून काढून घ्यावं लागतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात हे सोयीचं पडतं. दात बधिर करायचं इंजेक्शन या काळात चालतं, पण गरोदर आहात हे आधी सांगा. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळ्या आणू नका: टेट्रासायक्लिननं बाळाच्या दातांवर डाग पडतात आणि दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या शेवटच्या महिन्यांत घातक ठरतात.

कधीकधी हिरडीवर लालभडक गाठ येते आणि ब्रश लागला की भळभळते. ती बहुधा कॅन्सरची नसते आणि बाळंतपणानंतर सहसा आपोआप बसते, तरी डॉक्टरांना दाखवाच. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर ९ तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बाळ तीन महिन्यांचं झालं तरी रक्त येत असेल, तर दोष आता गरोदरपणाचा नाही. बाळाच्या लसीकरणाला जाल तेव्हा स्वतःचे दातही तपासून घ्या.