अळवावरचं पाणी आणि मामाची काच

आधीच सांगून टाकते. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि मराठीत मी कायम काठावर पास. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादक मंडळाला दोष देऊ नका, तो सर्वस्वी माझा! पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण त्याचा सगळ्यात चांगला शब्द मराठीत आहे. अळवावरचं पाणी! आजी हा वाक्प्रचार माझ्या अभ्यासाबद्दल वापरायची. आज मी तो गाडीच्या समोरच्या काचेबद्दल वापरणार आहे.

गेल्या जुलैमधली गोष्ट. सेकंड इयर संपलं होतं आणि सरफेस टेन्शन हा चॅप्टर डोक्यात ताजा होता. मामा, मामी आणि चार वर्षांची चिमी यांच्याबरोबर मी कराडहून चिपळूणला निघाले होते. मामाची गाडी जुनी. निघायच्या आधी मी मोठ्या रुबाबात जाहीर केलं, "मामा, आज तुझ्या काचेवर पाणी ठरणारच नाही!" डिकीत डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशची बाटली होती. त्यात सिलिकॉन असतं आणि सिलिकॉन पाण्याला दूर ढकलतं, एवढं मला माहीत होतं. फडक्यावर घेऊन मी संपूर्ण काच पुसून काढली. उन्हात ती आरशासारखी चमकत होती. मामा म्हणाला, "वा, इंजिनिअरीणबाई!"

कोयनानगरपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे कुंभार्ली घाट उतरायला लागलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस नुसता कोसळत होता. वायपर फिरला की काचेवर पांढरट, तेलकट पट्टा उमटायचा. समोरून ट्रक आला आणि त्याच्या हेडलाइटचा उजेड त्या पट्ट्यावर असा पसरला, की रस्ता, कठडा, वळण, काहीच दिसेना. मामाने अंदाजाने गाडी डावीकडे घेतली. धाडकन आवाज झाला आणि पुढचं चाक गटारात गेलं. ते गटार डोंगराच्या बाजूला होतं म्हणून मी आज हा लेख लिहिते आहे. चिमी इतकी घाबरली होती की तिला रडायलासुद्धा येत नव्हतं.

तो ट्रकवाला थांबला. खाली उतरून त्याने काचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काय फासलंय ओ काचेला?" मी मान खाली घातली. मामा शांतपणे म्हणाला, "जुनी काच आहे हो." त्याने माझं नाव घेतलं नाही. मला ओरडला असता तर बरं वाटलं असतं!

ट्रकवाल्याने केबिनमधून कपड्याची पावडर आणली, काच घासली आणि पावसातच धुतली. मग चंचीतली तंबाखू ओली करून काचेवर चोळली. काच अगदी स्वच्छ झाली नाही, पण रस्त्यावरचा पांढरा पट्टा दिसू लागला. गाडी ढकलून बाहेर काढली आणि आम्ही हळूहळू घाट उतरलो.

चिपळूणला पोचल्यावर मला झोप लागेना. माझं सिलिकॉन फसलं आणि त्याची तंबाखू चालली, असं का? नंतर लायब्ररीत बसून जे कळलं ते खाली देते.

थोडी थिअरी

काचेवर पाण्याचा थेंब ठेवला की तो काचेशी एक कोन करतो. त्याला कॉन्टॅक्ट अँगल, म्हणजे मराठीत स्पर्शकोन म्हणतात. टॉमस यंगने १८०५ मध्ये सांगितलं की हा कोन तीन ताणांच्या रस्सीखेचीवर ठरतो: काच आणि हवा, काच आणि पाणी, पाणी आणि हवा. खोलीच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरला साधारण ७२ मिलिन्यूटन असतो. म्हणजे पाण्याला स्वतःला आवळून गोळा व्हायची हौस भारी. पण स्वच्छ काचेच्या पृष्ठभागावर सिलिकॉन, ऑक्सिजन, हायड्रोजनचे गट असतात, म्हणजे सिलेनॉल. त्यांना पाणी फार आवडतं. त्यामुळे अगदी स्वच्छ काचेवर स्पर्शकोन शून्याच्या आसपास येतो आणि पाणी चादरीसारखं पसरतं. सपाट चादरीतून आरपार नीट दिसतं.

दुसरं टोक म्हणजे अळूचं किंवा कमळाचं पान. तिथे कोन १५० अंशांच्या वर जातो आणि थेंब मोत्यासारखा घरंगळतो. १९९७ मध्ये बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञांनी दाखवलं की ही करामत पानावरच्या मेणाची आणि सूक्ष्म उंचवट्यांची मिळून आहे.

म्हणजे पावसात नीट दिसायचे दोन रस्ते आहेत. एक तर पाणी पूर्ण पसरू द्यायचं, नाहीतर पूर्ण गोळा करून हाकलायचं. ट्रकवाल्याची तंबाखू पहिल्या रस्त्याची, आणि कापलेला बटाटा काचेवर घासतात तोही त्याच रस्त्याचा. हे उपाय तात्पुरते असतात, जोराच्या पावसात धुऊन जातात. बाजारातल्या बाटल्या दुसऱ्या रस्त्याच्या. आणि धोका आहे तो मधे! मळकट, तेलकट काचेवर पाणी ना पसरतं ना पळतं. त्याचे वेडेवाकडे ओघळ होतात आणि प्रत्येक ओघळ समोरच्या दिव्याचा उजेड फाकवतो. मी मामाच्या काचेचं नेमकं हेच करून ठेवलं होतं.

आता तुम्ही विचाराल, बाटलीतही सिलिकॉन आणि पॉलिशमध्येही सिलिकॉन, मग फरक काय? काचेसाठीच्या अनेक द्रावणांत पॉलिडायमिथाइल सिलोक्सेन अल्कोहोलमध्ये, किंचित आम्लाबरोबर मिसळलेलं असतं. ते काचेच्या सिलेनॉल गटांना धरून बसतं. वरचं जास्तीचं पुसून टाकलं की डोळ्यांना न दिसणारा पातळ थर उरतो. पॉलिशमधलं सिलिकॉन तेल नुसतं वर लोळत पडतं आणि वायपर ते इकडून तिकडे फासत राहतो.

बाटली निवडताना

१. सिलिकॉनवाली: स्वस्त आणि लावायला सोपी. पावसात रोज गाडी चालत असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा लावावी लागते.

२. फ्लुओरोसिलेनवाली: महाग, पण जास्त टिकते. मात्र ही रसायनं पीएफएएस नावाच्या कुटुंबातली. ती निसर्गात लवकर विघटित होत नाहीत, म्हणून त्यांच्यावर जगभर चर्चा चालू आहे. घ्यायची की नाही, विचार करून ठरवा.

३. वायपरच्या पाण्यात मिसळायची: सगळ्यात कमी कष्ट आणि सगळ्यात कमी टिकाऊ.

बाटलीवर कमळाच्या पानाचं चित्र पाहून भुलू नका. गुळगुळीत पृष्ठभागावर नुसत्या रसायनाने स्पर्शकोन साधारण १२० अंशांच्या पुढे जात नाही. चांगल्या द्रावणाने १०० ते ११० अंश मिळतात आणि तेवढे पुरेसे असतात. पानासारखे उंचवटे काचेवर आणले तर वायपर ते खरवडून काढेल.

लावायची कशी

यात निम्म्याहून जास्त काम काच साफ करण्याचं आहे. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल उडून काचेवर बसतं, ते नुसत्या पाण्याने जात नाही.

१. साबणाच्या पाण्याने काच धुवा. नंतर काचेच्या पॉलिशने, म्हणजे सीरियम ऑक्साइडने, हलक्या हाताने घासा. सगळीकडे पाणी एकसारखं पसरलं की काच खरी स्वच्छ झाली असं समजा.

२. पूर्ण वाळवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

३. गाडी सावलीत हवी आणि काच थंड. तापलेल्या काचेवर द्रावण आधीच उडून जातं आणि डाग राहतात.

४. थोडंसं द्रावण फडक्यावर घेऊन गोल गोल फिरवत लावा. धुरकट थर दिसला की कोऱ्या मायक्रोफायबरने चकचकीत होईपर्यंत पुसा. मग दुसरा हात द्या.

५. लेबलवर लिहिलेला वेळ काच कोरडी ठेवा.

६. रात्री दिव्यासमोर उभं राहून काचेतून बघा. दिव्याभोवती वलय दिसलं तर जास्तीचं द्रावण राहिलंय. पुन्हा पुसा. ही पायरी गाळू नका, आमचं चाक इथेच गटारात गेलं!

वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक होतं, तेव्हा पावसाळ्याआधी ते बदला. थर दिल्यावर वायपर थडथडायला लागला तर आधी रबर अल्कोहोलने पुसून बघा.

आणि एक महत्त्वाचं

थेंबाला हाकलून लावतो तो वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० किलोमीटरला जो दाब मिळतो, त्याच्या एक नवमांश ताशी ३० ला मिळतो. म्हणून एक्स्प्रेसवेवर थेंब सुरसुरत वर पळतात आणि घाटात मात्र काचेवर ठाण मांडून बसतात. प्रत्येक थेंब मग छोटं भिंग होतो. घाटात खरा आधार वायपरचाच. बाटली त्याची मदतनीस आहे, बदली कामगार नाही. आणि दिसतंय म्हणून वेग वाढवला तर सगळंच मुसळ केरात, कारण ओल्या रस्त्यावरच्या टायरला तुमच्या काचेचं काही माहीत नसतं!

काच आतून धुरकटली तर त्यावर बाहेरच्या द्रावणाचा उपयोग नाही. ती आपल्याच श्वासाची वाफ असते. एसी लावा, हवा काचेवर सोडा.

हॉस्टेलच्या बाइकवाल्यांसाठी खास सूचना: काचेचं द्रावण हेल्मेटच्या व्हायझरला लावू नका. व्हायझर पॉलिकार्बोनेटचा असतो. काही द्रावकांनी त्याला बारीक तडे जातात किंवा तो धुरकट होतो. प्लॅस्टिकसाठी वेगळं द्रावण मिळतं, तेच घ्या.

रूमवर करायचा प्रयोग

काचेचे तीन तुकडे घ्या. एक भांड्याच्या साबणाने स्वच्छ धुवा, दुसऱ्यावर मेणबत्ती घासा, तिसऱ्याला मेसमधल्या वड्याचा तेलकट हात पुसा. चौथं अळूचं पान. चारींवर एकेक थेंब सोडा, बाजूने मोबाइलवर फोटो काढा आणि कोनमापकाने स्पर्शकोन मोजा. मग तिसरा तुकडा बल्बसमोर धरून बघा. माझी ती रात्र कशी होती, ते तुम्हाला लगेच कळेल.

या जूनमध्ये मी मामाची काच पुन्हा केली. या वेळी अख्खी सकाळ गेली, त्यातले तीन तास नुसत्या सफाईत. मामा चहाचा कप घेऊन शेजारी उभा होता. काम झाल्यावर मी म्हटलं, "मामा, आता बघ!" त्याने काचेकडे पाहिलंच नाही. म्हणाला, "वायपर नवीन घातलेस का, ते सांग."

घातले होते. पहिल्या पावसात आम्ही पुन्हा कुंभार्ली उतरलो. या वेळी पुढच्या सीटवर मी होते आणि मागे चिमी गाढ झोपली होती.