स्मृतीचे आश्चर्य

सृष्टीतील आश्चर्ये पाहावयाची तर दूर कोठे तरी पर्वतशिखरी किंवा सागरतीरी जावे लागते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान आपल्या विभूती सांगू लागतात, तेव्हा हिमालय, सागर, अश्वत्थ, सिंह, गरुड यांची नावे येतातच. परंतु त्याच ओघात कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा या सात शक्तीही येतात. हिमालयाच्या पंक्तीला स्मृती बसविली आहे! जी शक्ती आपण बाजारातून आणावयाच्या वस्तू ध्यानात ठेवण्यासाठी वापरतो, ती विभूती कशी? या पाठात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम निसर्गाकडे पाहू. ईशान्य चीनमधील एका आटलेल्या सरोवराच्या तळाशी कमळाची जुनी बीजे सापडली. त्यांतील एक सुमारे १३०० वर्षांचे असल्याचे शास्त्रज्ञांनी ठरविले, आणि ते रुजले. ही हकीकत १९९५ साली प्रसिद्ध झाली. तेरा शतके ते बीज चिखलात निपचित पडले होते, परंतु आपण कमळ आहोत हे ते विसरले नाही. तसेच आपल्या चातकाचे. पावसाळ्याच्या आरंभी मध्य व उत्तर भारतात येणारे चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात. चातकाची मादी आपले अंडे सातभाई पक्ष्याच्या घरट्यात ठेवते. पिलाला भरविणारे सातभाई जन्मात कधी सागर ओलांडीत नाहीत. तरीही पंखांत बळ येताच ते पिलू, ज्यांनी त्याला वाढविले त्यांना ठाऊक नसलेल्या मार्गाने, आफ्रिकेच्या दिशेस निघते. हा मार्ग त्याला कोणी शिकविला? देहाच्या घडणीतच काही जपून ठेवलेले असते, एवढे आपण म्हणू शकतो. आणि एवढे म्हटल्यानेही आश्चर्य कमी होत नाही.

आता मनाकडे वळू. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात, अशी गणना २००९ साली प्रसिद्ध झाली. पण नुसती संख्या मोजून स्मृतीचे स्वरूप कळत नाही. ते अधिक उलगडले ते एका दुःखद प्रसंगातून. अमेरिकेतील हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणास अपस्माराचे तीव्र झटके येत. १९५३ साली शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग काढण्यात आला. झटके पुष्कळ कमी झाले, परंतु नवी घटना मनात टिकविण्याची शक्ती गेली. नुकतीच भेटून गेलेली व्यक्ती पुन्हा समोर आली तरी त्याला ती नवीनच वाटे. पुढे ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला एक काम दिले : आरशात पाहून चांदणीच्या आकृतीवरून पेन्सिल फिरवावयाची. हे काम आपण पूर्वी केल्याचे त्याला आठवत नसे. हात मात्र दिवसागणिक अधिक सफाईने चाले. यावरून एक मोठी गोष्ट सिद्ध झाली. ‘मला आठवते’ असे म्हणणारी स्मृती वेगळी, आणि अभ्यासाने अंगात मुरलेली स्मृती वेगळी. पहिली मावळली तरी दुसरी जागी राहू शकते.

या दुसऱ्या स्मृतीवर मानवाने केवढी इमारत उभारली आहे, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. ऋग्वेदाची १० मंडले, त्यांत १,०२८ सूक्ते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांची २००७ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंद केली, त्यांतील सर्वांत जुने १४६४ सालचे आहे. मंत्र मात्र त्याहून कितीतरी प्राचीन. तीन हजार वर्षांच्या आसपासचे. मधली सर्व शतके ते राहिले ते मुख्यतः कंठात.

हे साधले कसे? केवळ तीव्र बुद्धीने नव्हे, तर योजनेने. गुरूने म्हणावे, शिष्याने तसेच पुन्हा म्हणावे, ही संथा. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांबरोबर मानही हलवावयाची, म्हणजे स्वर अंगातही बसतो. संहितेनंतर पदपाठ, त्यात प्रत्येक पद सुटे. क्रमपाठात पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे अशा जोड्या. जटापाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे. आणि घनपाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे. मग याच रीतीने पुढच्या पदापासून. एखादे पद गळले किंवा मागेपुढे झाले तर चूक तत्काळ उघडी पडते. विणकराने उभे-आडवे धागे घालून वस्त्र घट्ट करावे, तसे हे विणकाम आहे. वैदिक पठणाच्या या परंपरेस युनेस्कोने २००३ साली मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले.

येथपर्यंत आश्चर्य झाले. आता ज्यासाठी हा पाठ लिहावयास घेतला, तो प्रसंग सांगतो.

प्रस्तुत लेखकाचे गुरुजी घनपाठी होते. वयाच्या अखेरच्या दोन वर्षांत त्यांची स्मृती ढळत गेली. प्रथम दिवस-वार गेले, मग घराची वाट, आणि शेवटी स्वतःचा मुलगाही त्यांना ओळखू येईना. एके दिवशी त्यांच्याजवळ बसून मी हलक्या आवाजात घन म्हणत होतो. एके ठिकाणी माझा स्वर चुकला. डोळे मिटून पडलेल्या गुरुजींची मान किंचित हलली, आणि ओठांतून ते पद शुद्ध स्वरात बाहेर आले. ज्यांना माझे नाव सांगता येत नव्हते, त्यांनी माझी चूक दुरुस्त केली.

ते गेल्यानंतर तेराव्या दिवशी त्यांच्या मुलाने मला एकीकडे नेऊन विचारले, “शास्त्रीबुवा, अंतकाळी जे स्मरण असेल तशी गती, असे आठव्या अध्यायात आहे. बाबांना तर शेवटी नामही घेता आले नाही. मग त्यांचे काय?” हा प्रश्न त्या एका घरचा नाही, पुष्कळ घरांतून तो मनातल्या मनात विचारला जात असतो.

गीतेचे वचन नीट पाहावे. आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाचे सामर्थ्य सांगताना भगवान त्याचे कारणही सांगतात : मनुष्य सदैव ज्या भावाने भावित झालेला असतो, तोच भाव शेवटी उभा राहतो. आणि लगेच उपदेश येतो तो ‘अंतकाळी स्मर’ असा नव्हे, तर सर्व काळी स्मरण ठेवून आपले विहित कर्म कर, असा. भर शेवटच्या घटकेवर नाही, संपूर्ण आयुष्यावर आहे. साठ-सत्तर वर्षे अंगात मुरलेला भाव जिभेवर आला नाही, म्हणून तो नव्हताच, असे कसे म्हणावे? मोलेसनचे उदाहरण पारमार्थिक गतीचे प्रमाण नव्हे. परंतु ‘आठवत नाही’ आणि ‘उरले नाही’ या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे त्यावरून निश्चित कळते.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे. दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून संग, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश आणि बुद्धिनाश अशी अधोगतीची साखळी सांगितली आहे. मग वृद्धाचा विस्मरणाचा रोग हे त्याच्या दोषाचे फळ काय? तसे नव्हे. तेथील स्मृतिभ्रंश म्हणजे क्रोधाच्या भरात आपण कोण, समोर कोण, शास्त्र काय, याचा पडलेला विसर. तो धडधाकट मनुष्यास होतो, आणि दररोज होतो. देहाच्या व्याधीने येणारे विस्मरण निराळे. पंधराव्या अध्यायात भगवान म्हणतात की स्मृती, ज्ञान आणि त्यांचे अपोहन, म्हणजे लोप, ही सर्व माझ्यापासूनच होतात. शांकरभाष्यात हे ज्याच्या त्याच्या पुण्य-पापानुसार घडते असे विवरण आहे. तथापि कोणाचे कर्म कोणते, याचा निवाडा करण्याचा अधिकार आपणांस दिलेला नाही. आपल्यापुरता बोध असा की, जो हृदयात राहून स्मृती देतो, तोच ती काढून घेतानाही हृदयातच असतो. तो निघून जात नाही.

मी गुरुपुत्रास एवढेच सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे त्यांनी तुमचा स्वर सुधारला, तेव्हा ते तेथे होतेच.” मी मान हलविली.

गीतेच्या शेवटी अर्जुन आपल्या लाभाचे वर्णन करतो ते याच शब्दाने. मोह गेला, स्मृती लाभली, असे तो म्हणतो. नवे काही मिळाले असे म्हणत नाही. विसरलेले परत आले, असे म्हणतो.

आचरणासाठी

१. घरातील मुलांसह रोज एक श्लोक संथेच्या पद्धतीने म्हणावा. आज सर्व काही खिशातील यंत्रात साठविता येते. परंतु यंत्रात साठविलेले अंगात मुरत नाही.

२. रात्री निजण्यापूर्वी, आज क्रोधाने कोणत्या क्षणी आपली स्मृती हरवली, ते एकदा आठवून पाहावे.

३. घरात विस्मरण जडलेले वृद्ध असतील, तर “मी कोण, ओळखा पाहू” अशी त्यांची परीक्षा घेऊ नये. त्यांच्या तरुणपणीचे स्तोत्र, ओवी किंवा अभंग त्यांच्याजवळ बसून शांतपणे म्हणावा. उत्तर येवो वा न येवो, म्हणत राहावे.