टाकता येते, पाहता येत नाही

उमरेडच्या टपाल कचेरीतील लाल पेटीत कोणालाही पत्र टाकता येते. पण आत आधी कोणाची पत्रे पडली आहेत, हे टाकणाऱ्याला दिसत नाही. किल्ली टपाल खात्याच्या माणसाकडेच असते. संगणकावरही अशी पेटी करता येते.

समजा, तुमच्या शाळेतील संगणक एकमेकांस जोडलेले आहेत आणि चाचणीची उत्तरे एका सामाईक फोल्डरमध्ये जमा करावयाची आहेत. प्रत्येकाला आपले उत्तर ठेवता आले पाहिजे. दुसऱ्याचे मात्र वाचता येता कामा नये. हे कसे साधावे?

फोल्डर म्हणजे वस्तुतः नावांची यादी होय. 1969 साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचे काम सुरू केले. तिच्यात, तसेच आजच्या लिनक्समध्ये, या यादीवर तीन निरनिराळे हक्क असतात :

यादी वाचणे – 4
यादीत नाव घालणे वा खोडणे – 2
यादीतील फाइलपर्यंत पोहोचणे – 1

शिक्षकांना 4 + 2 + 1 = 7 द्यावे, विद्यार्थ्यांना 2 + 1 = 3. नुसते 2 देऊन भागत नाही. पोहोचण्याचा हक्क नसेल, तर नवी फाइलही निर्माण होत नाही.

आता खरी अडचण पाहू. पुष्कळ प्रोग्राम फाइल ठेवण्यापूर्वी ‘हे नाव आधी आहे का?’ म्हणून यादी वाचू पाहतात. वाचनाचा हक्क नसल्याने नकार मिळतो आणि प्रोग्राम तेथेच थांबतो. वास्तविक फाइल ठेवण्यास कोणतीच आडकाठी नसते! म्हणून प्रोग्रामने यादी वाचूच नये. ‘या नावाची फाइल निर्माण कर, नाव आधीच असेल, तर नकार दे,’ अशी एकच आज्ञा द्यावी. तपासणे व निर्माण करणे या दोन क्रिया वेगळ्या ठेवल्या, तर मधल्या क्षणी दुसऱ्याची त्याच नावाची फाइल येऊन पडेल व एकाचे उत्तर पुसले जाईल. नकार आल्यास नावात हजेरी क्रमांक व वेळ घालून पुन्हा प्रयत्न करावा. लेखन बिनचूक पुरे झाल्यावरच ‘उत्तर जमा झाले’ असे सांगावे, कारण विद्यार्थ्याला आत डोकावून खात्री करता येत नाही.

दोन सावधगिऱ्या उरतात. नाव ओळखता आले, तर फाइलपर्यंत पोहोचता येते. म्हणून फाइल वाचण्याचा हक्क ती ठेवणारा व शिक्षक यांनाच असावा. शिवाय 2 या हक्कात खोडणेही येते. त्यासाठी फोल्डरला ‘स्टिकी बिट’ ही खूण लावतात. मग प्रत्येकाचे खाते वेगळे असल्यास एका विद्यार्थ्याला दुसऱ्याची फाइल खोडता येत नाही.

विचार करा : विद्यार्थ्यांना 3 ऐवजी 5 हा हक्क दिला, तर तो फोल्डर शाळेतील कोणत्या वस्तूसारखा होईल? (उत्तर : काचेआडच्या सूचनाफलकासारखा. वाचता येईल, पण काही लावता येणार नाही.)